पिचर घडवायचा असेल तर आधी वही आणा

दर वर्षी पावसाचा जोर ओसरला की कुणी ना कुणी पालक मुलाला हाताशी धरून मैदानावर येतात. "बाई, याचा हात बघा जरा. मे महिन्यात एका दगडात आंब्याचा घोस खाली घेतो." मुलगा लाजून चपलेने माती उकरत असतो. मी त्याच्या हातात चेंडू देत नाही. आधी विचारते, "गेल्या आठवड्यात कुठे कुठे फेकलंस, आणि किती?" याचं उत्तर आजवर एकाही मुलाकडे नव्हतं, आणि पालकांकडे तर नाहीच. पिचरचं, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाला चेंडू फेकणाऱ्याचं, काम त्या उत्तरापासून सुरू होतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवते. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, पुढे बेसबॉलचं प्रशिक्षण घेतलं आणि आता अकरा वर्षं मुलामुलींना दोन्ही खेळ शिकवते आहे. गोव्यात फुटबॉल घराघरांत आणि क्रिकेट वाड्यावाड्यावर. या दोघांचं आटोपलं की मैदान आमचं. तरीही उत्तम हात असलेली मुलं इथे आहेत. घाईने त्यांचे हात कसे बिघडतात तेही मी पाहिलं आहे.

हात कुणाचा बघायचा

पालक बहुधा वेगवान गोलंदाज घेऊन येतात. मी सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक शोधते. गोलंदाजाला फेकताना कोपर उलगडायची मुभा १५ अंशांपर्यंतच असते. पिचरचं कोपर जवळजवळ काटकोनात वाकतं आणि तिथून उलगडतं. पाच-सहा वर्षं हात ताठ ठेवून गोलंदाजी केलेल्या मुलाची सवय मोडण्यात एक अख्खा हंगाम जातो. थर्ड मॅनवरून मध्ये टप्पा न पाडता थेट यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू पोचवणारा मुलगा मात्र आमचं निम्मं काम करूनच आलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे भालाफेक. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा भारतभर झाली. ३७ हजारांहून अधिक जणांनी त्यात चेंडू फेकून पाहिला. जिंकला उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यातला रिंकू सिंग, त्याच्या मागोमाग दिनेश पटेल. दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉलशी दोघांचाही तोवर संबंध नव्हता. कॅलिफोर्नियात पिचिंगचे प्रशिक्षक टॉम हाऊस यांनी त्यांना काही महिने शिकवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने दोघांशी करार केला. गोष्ट इथे संपवली की फार सुंदर वाटते, आणि पालकांनी ऐकलेली असते ती एवढीच. पुढचा भाग मी मुद्दाम सांगते. दिनेशला २०१० मध्ये संघाने सोडलं. रिंकू खालच्या पायरीवरून वर चढत २०१२ पर्यंत खेळला आणि त्यानंतर दुखापतींनी त्याला पुन्हा सामन्यात उभं राहू दिलं नाही. मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत, दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. तरीही भालाफेकीच्या मैदानावरून येऊन इतकं अंतर कापलेल्या त्या दोन मुलांबद्दल मला अपार आदर आहे. पण वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करून हाताला एकदम एवढं काम देणं किती अवघड असतं, तेही त्यांच्याच वाटचालीतून दिसतं.

तेव्हा वय काय असावं? दहा-बाराव्या वर्षी चेंडूशी ओळख व्हावी आणि चौदापर्यंत पोराने निव्वळ पिचर होऊ नये. पावसात फुटबॉल खेळू दे, सातेरी देवीच्या जत्रेत फुगे फोडू दे, शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) क्षेत्ररक्षणाला उभा राहू दे.

मैदान आणि चेंडू

पिचर जिथे पाय ठेवतो त्या रबरी पट्टीपासून होम प्लेटचं, म्हणजे फलंदाजाजवळच्या पाटीचं, अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. हे अंतर १८९३ पासून बदललेलं नाही. लहान मुलांना मात्र तिथून फेकायला लावू नका. बारा वर्षांपर्यंत ४६ फूट पुरे. मोठ्या अंतरावरून लहान मूल खांद्याने ढकलतं आणि ती खोड पुढे जाता जात नाही.

पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून फेकतो तो माउंड. मोठ्यांचा १० इंच उंच असतो. पट्टीच्या पुढे अर्ध्या फुटापासून उतार सुरू होतो, दर फुटाला एक इंच. लहानांसाठी ६ इंच उंची ठेवते. आमच्या लाल मातीचा उंचवटा पहिल्या चार फेकींतच पायाखाली खचतो. त्याला वारुळाची माती लागते, जिला आम्ही रोयण म्हणतो. घरातली जमीन धोपटायला जुन्या लोकांनी हीच वापरली. पण आपल्याकडे सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते, त्यामुळे उभ्या वारुळाला मी मुलांना हात लावू देत नाही. भाटात (बागायतीत) कुठे मोडून पडलेल्या वारुळाची माती मिळते, मालकाला विचारून तेवढीच आणतो. ती भिजवायची, चार-चार बोटांचा थर द्यायचा, चोपण्याने चोपायची, एक दिवस सोडून पुढचा थर. पट्टीची मापं २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद. आम्ही लाकडी फळीवर जुन्या टायरचा तुकडा ठोकला आहे आणि खालून चिऱ्यात बसवला आहे. तीन वर्षं हलला नाही.

होम प्लेट १७ इंच रुंद. तिच्या दोन बाजूंना पोफळीचे दोन दांडे रोवा आणि मधे काथ्याच्या दोरीने चौकट बांधा: खाली फलंदाजाच्या गुडघ्याजवळ, वर छातीच्या थोडं खाली. हाच स्ट्राइकचा चौकोन: यातून गेलेला चेंडू फलंदाजाने सोडला तरी त्याच्याविरुद्ध मोजतात. पहिले दोन महिने फलंदाज नको, रडारची बंदूक नको, एवढी चौकट पुरे. मागे शापोऱ्याच्या कुणा होडीवाल्याकडून फाटकं जाळं मागून टांगा.

चेंडू ५ ते सव्वापाच औंस, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, पण शिवण घोड्याच्या नालेसारखी वळत जाते आणि तिला १०८ दुहेरी टाके असतात. नवा चेंडू फार निसटतो. अमेरिकेत प्रत्येक सामन्याआधी चेंडूंना डेलावेअर नदीच्या परिसरातला खास चिखल चोळतात, म्हणजे बोटांना पकड येते. आम्ही खाजनातला (खाडीकाठच्या सखल शेतातला) बारीक चिखल थेंबभर घेऊन तेच करतो. खरी अडचण आहे ती हवेची. डेन्व्हरची हवा इतकी कोरडी की तिथल्या संघाने २००२ मध्ये चेंडूंसाठी दमट कपाट केलं, आणि २०२२ पासून मेजर लीगच्या तिसही मैदानांवर तशी कपाटं आहेत. आपल्याला उलटं हवं. जूनमध्ये चामडं फुगतं, बुरशी येते, चेंडू जड होतो. घट्ट झाकणाच्या बिस्किटांच्या डब्यात तळाला भाजून थंड केलेलं मीठ फडक्यात बांधून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी ते पुन्हा भाजा. फुगलेल्या जड चेंडूने मुलाला फेकायला देऊ नका. कोपरावर त्याचा ताण येतो.

फेक कंबरेतून येते

हे शब्दांनी शिकवून कळत नाही. मी मुलांना एकदा संध्याकाळी नदीकाठी नेते आणि पाग टाकणारा माणूस दाखवते. तो जाळं हाताने फेकत नाही. आधी पुढचा पाय रोवतो, मग कंबर वळते, मग छाती, मग खांदा, आणि हात सगळ्यांत शेवटी, जणू मागून ओढला गेल्यासारखा येतो. म्हणून तर जाळं गोल उघडतं. घाईने हात आधी काढला तर जाळ्याचा गोळा पाण्यात पडतो. पिचरची फेक अगदी अशीच आहे.

तेव्हा क्रम असा शिकवा. पट्टीवर उजवा पाय आडवा, डावा गुडघा वर. इथे दोन सेकंद डगमगल्याशिवाय उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर पुढे जायचंच नाही. मग पुढे लांब पाऊल, जवळजवळ स्वतःच्या उंचीइतकं, आणि पंजा होम प्लेटकडे. पाऊल टेकेल तेव्हा कंबर वळायला लागलेली असावी, पण छाती अजून बाजूलाच असावी. सगळा वेग या फरकात साठतो. त्या क्षणी कोपर खांद्याच्या रेषेत हवं. कोपर खाली लोंबलं की ताण थेट आतल्या अस्थिबंधावर. चेंडू सुटल्यावर हात अर्ध्यात थांबवायचा नाही, विरुद्ध गुडघ्यापलीकडे जाऊ द्यायचा. फेकताना दंडाचं हाड खांद्यात सेकंदाला सुमारे ७,००० अंशांच्या वेगाने आत फिरतं. माणसाच्या शरीरात मोजलेली ही सर्वांत वेगवान हालचाल मानतात. एवढा वेग थांबवायला जागा लागतेच.

ग्लोव्हचा हात मुलं विसरतात. तो बाहेर भिरकावला की छाती लवकर उघडते. ग्लोव्ह छातीशी आणायचा आणि छाती त्याच्याकडे न्यायची. आरशासमोर, चेंडूऐवजी टॉवेल धरून, रोज वीस वेळा. यात हाताला काही होत नाही.

वही

आता मूळ गोष्ट.

माझ्याकडे एक चौदा वर्षांचा मुलगा होता. असा हात मी पुन्हा पाहिलेला नाही. एका रविवारी सकाळी सराव सामन्यात तो पूर्ण वेळ फेकत राहिला. मुलं खूश, मीही खूश, मोजलं कुणीच नाही. संध्याकाळी तो गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत गोलंदाजी करून आला. सोमवारी शाळेत पुन्हा फेकला, कारण मीच बोलावलं होतं. बुधवारी म्हणाला, "बाई, कोपर दुखता." मी पाहिलं, सूज नव्हती, म्हटलं, दोन दिवस आराम कर. शनिवारी सकाळी त्याला हात सरळ करता येईना. म्हापशाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून दाखवला: कोपराच्या आतल्या बाजूला, हाड अजून वाढत असतं त्या जागी फट रुंदावली होती. चार महिने फेकणं बंद. तो बरा झाला, पण परत आला नाही. त्याच्या आईला भीती बसली होती आणि मला तिच्याशी वाद घालायचा अधिकार नव्हता. चूक माझी होती. त्या दिवसापासून वही आली.

दोनशे पानी साधी वही. प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण, जोर लावून फेकलेले चेंडू, क्रिकेटमध्ये टाकलेले चेंडू (षटकं नको, चेंडू), आणि शेवटचा रकाना दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा: हात कसा आहे. त्या रकान्यासमोर घरच्या मोठ्या माणसाची सही. क्रिकेटचा रकाना पालकांना आगाऊपणा वाटतो. पण खांद्याला खेळाचं नाव कळत नाही.

आकडे मी मनाने ठरवलेले नाहीत. लिटल लीग या अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात दिवसाची मर्यादा ७-८ वर्षांना ५० चेंडू, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. आणि १४ वर्षांपर्यंत विश्रांती अशी: २० चेंडूंपर्यंत फेकला तर दुसऱ्या दिवशी चालेल, २१ ते ३५ झाले तर एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार दिवस पूर्ण सुट्टी. शिवाय ज्याने ४१ किंवा अधिक चेंडू फेकले त्याला त्या दिवशी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून उभं करायचं नाही, कारण कॅचरही दर वेळी चेंडू परत फेकतच असतो. नवशिक्या मुलांसाठी मी या मर्यादांच्याही निम्म्यावर थांबते.

शंका असेल त्या पालकांना मी २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगते. खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेले ९५ तरुण पिचर आणि तशी न झालेले ४५, यांची तुलना होती. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट. सामन्यात सरासरी ८० हून अधिक चेंडू फेकणाऱ्यांत सुमारे चौपट. आणि हात थकलेला असताना नेहमी फेकणाऱ्यांत ३६ पट. हा शेवटचा आकडा मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून देते.

थकवा ओळखायचा कसा? मूल तोंडाने सांगत नाही. संघाबाहेर बसावं लागेल अशी त्याला भीती असते. चेंडू बघा. लागोपाठ तीन-चार चेंडू चौकटीच्या वरून जायला लागले की कोपर खाली आलं आहे. दोन चेंडूंमधला वेळ वाढला, मूल हात झटकू लागलं, टोपी पुन्हा पुन्हा सारखी करू लागलं, की मोजणी कितीही असो, उतरवा. दुसऱ्या दिवशी पाठीचा वरचा भाग किंवा दंड भरून आला तर ठीक आहे, पण कोपराच्या आतल्या हाडावर बोट दाबून दुखलं तर डॉक्टर. बाम चोळून सामना खेळवू नका.

काही पालक म्हणतात, ऑपरेशन करून हात आणखी वेगवान होतो म्हणे. नाही होत. टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपराचा अस्थिबंध तुटला तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी उजव्या हातातला स्नायुबंध काढून तिथे विणला. ते १९७५ पूर्ण बाहेर होते, १९७६ मध्ये परतले आणि १९८९ पर्यंत खेळले. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे. म्हणून त्या शस्त्रक्रियेला त्यांचंच नाव पडलं. पण सावरायला एक ते दीड वर्ष लागतं आणि सगळे परत येत नाहीत. परतून जो वेग वाढलेला दिसतो, तो दीड वर्ष केलेल्या पायांच्या आणि पाठीच्या व्यायामाचा असतो. तो व्यायाम ऑपरेशनशिवायही करता येतो.

पाऊस आपल्या बाजूने

फ्लोरिडासारख्या उबदार ठिकाणी मुलं बारा महिने खेळतात आणि त्याचीच किंमत मोजतात. तज्ज्ञ सांगतात, वर्षातून चार महिने पिचिंग बंद ठेवा, त्यातले दोन-तीन महिने खांद्यावरून काहीच फेकू नका. आपल्याकडे मैदानात पाणी साचून देवच ही सुट्टी देतो. जून ते सप्टेंबर माउंडवर ताडपत्री आणि पिचर फुटबॉलला. शाळेच्या व्हरांड्यात सूर्यनमस्कार, एका पायावर बैठका, प्लँक. घरी बादलीत उकडे तांदूळ घेऊन त्यात मूठ रोवायची आणि बोटं उघडायची-मिटायची, मनगटासाठी याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की फेकायला सुरुवात, पण हळू. पहिले दोन आठवडे ३० फुटांवर, दिवसाआड, हलक्या हाताने २५-३० चेंडू. मग ४५, मग ६०, मग ९० फूट. सहा आठवडे माउंडकडे फिरकायचं नाही. नोव्हेंबरात माउंड, तोही आधी निम्म्या जोराने. सामने जानेवारीपासून. मार्चच्या उन्हात सकाळी साडेनऊनंतर मी माउंडवर कुणाला उभं करत नाही.

बोटांचं काम

इथे थोडक्यात सांगते, कारण घाई इथेच होते. चौदापर्यंत दोनच चेंडू. पहिला फोर-सीम: तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या नालेला आडवी, अंगठा खाली, तळहात आणि चेंडू यांत फट. बोटं शेवटी खाली ओढली की चेंडू उलटा फिरतो, हवा त्याला किंचित उचलून धरते आणि फलंदाजाला वाटतो त्यापेक्षा तो कमी खाली येतो. दुसरा चेंज-अप: चेंडू तळहातात खोल, तीन बोटांनी धरलेला, हाताचा वेग तोच, चेंडूचा वेग दहा-पंधरा किलोमीटरने कमी. या दुसऱ्यावर मुलांना भरवसा बसायला वर्ष लागतं. बसू द्या. वळणारे चेंडू नंतर: कर्व्हबॉल आवाज फुटल्यानंतर, आणि स्लायडर सोळाच्या पुढे. व्हिडिओ पाहून मनगट पिरगाळणाऱ्या मुलाला मी तिथल्या तिथे थांबवते.

पुढची वाट

सरळ सांगते. गोव्यात राहून या खेळावर पोट भरत नाही. शालेय स्पर्धा, मग राज्याचा संघ, मग अमॅच्युअर बेसबॉल फेडरेशन ऑफ इंडियाच्या सब-ज्युनियर, ज्युनियर आणि सीनियर राष्ट्रीय स्पर्धा, ही देशातली शिडी. वरच्या टोकाला भारतीय संघ. दुबईत बेसबॉल युनायटेड नावाची व्यावसायिक लीग उभी राहिली आहे, तिच्यात मुंबई कोब्राज नावाचा संघ आहे. आमच्या मुलांना पहिल्यांदाच कॅलिफोर्नियापेक्षा जवळचं काही दिसलं.

अमेरिकेत कसं चालतं ते पालकांनी समजून घ्यावं. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोची मुलं ड्राफ्टमधून, म्हणजे संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात त्या पद्धतीने, निवडली जातात. बाकी जगातल्या मुलांशी संघ थेट करार करतात, सोळाव्या वर्षापासून. करार म्हणजे मेजर लीग नव्हे. खाली रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या आहेत, रूकी सोडून मायनर लीगचे १२० संघ आणि वर फक्त ३० क्लब. २०२३ च्या करारानुसार मायनर लीगमध्ये वर्षाचं किमान वेतन सर्वांत खाली १९,८०० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर ठरलं. मेजर लीगमध्ये २०२५ ला ते ७,६०,००० डॉलर होतं. या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत बहुतेकांची कारकीर्द संपते. म्हणून बारावीचे गुण आणि बोलण्यापुरतं इंग्रजी हे मी हाताइतकंच महत्त्वाचं धरते. अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळावर शिष्यवृत्ती मिळू शकते, आणि हात गेला तरी पदवी राहते. जपानचे १२, कोरियाचे १० आणि तैवानचे ६ संघ हीसुद्धा दारं आहेत, पण तिथे परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या.

मुलं मला रोज वेगाबद्दल विचारतात. २०१० मध्ये अरोल्डिस चॅपमनने ताशी १७० किलोमीटरचा चेंडू फेकला, हे त्यांना पाठ आहे. मी त्यांना मारियानो रिव्हेराची गोष्ट सांगते. पनामातलं प्वेर्तो काइमितो हे कोळ्यांचं गाव, वडील होडीवर, दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह. केरी-तेरेखोलची मुलं हे ऐकताना पुढे सरकून बसतात. तो शॉर्टस्टॉपला खेळायचा. एकदा संघाचा पिचर चालेना म्हणून हा पुढे झाला. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने वयाच्या विसाव्या वर्षी त्याला दोन-अडीच हजार डॉलरवर घेतलं. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, १९९५ मध्ये मेजर लीग, आणि पुढे जवळजवळ एकाच चेंडूवर, शेवटच्या क्षणी वळणाऱ्या कटरवर, ६५२ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन संघाची आघाडी राखलेले सामने. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी सगळीच्या सगळी मतं मिळवणारा तो पहिला. आणि जेमी मॉयर: २०१२ मध्ये ४९ व्या वर्षी मेजर लीगचा सामना जिंकला, चेंडूचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आतबाहेर. तेवढ्या वेगाने आमच्या तालुक्यातही फेकणारे निघतील, पण चेंडू दर वेळी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ठेवायला त्याला जन्म लागला.

ज्यांना यायचं आहे त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता मैदानावर यावं. ग्लोव्ह नसला तरी चालेल, आमच्याकडे सहा आहेत, त्यातला एक डावखुऱ्यासाठी. पाण्याची बाटली, टोपी, घरचं एक मोठं माणूस आणि दोनशे पानी वही. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख आणि त्या आठवड्यात फेकलेल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा लिहून आणायचा, आंब्यावर मारलेले दगडसुद्धा.